नायट्रो ट्रकमधला ‘खर्रर्र’: इंजिन उघडण्याआधी काय तपासाल

प्रश्न थोडक्यात असा आहे. सेकंड हँड घेतलेला ३.३ सीसीचा नायट्रो मॉन्स्टर ट्रक (रेडिओ रिमोटवर चालणारी, नायट्रो इंधनाच्या छोट्या इंजिनाची मॉडेल गाडी), चारही चाकांना ड्राइव्ह, दोन गिअर, दोरी ओढून सुरू होणारं इंजिन. आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन संथ चालू असताना, सगळं ठीक. उभ्या ट्रकला जमिनीवर थ्रॉटल दिला की पहिले दोन-तीन फूट खर्रर्र असा आवाज येतो, अधूनमधून झटकाही बसतो, आणि ट्रकने वेग घेतला की आवाज विरतो. चासीखाली विटा लावून चाकं अधांतरी फिरवली तर आवाज अजिबात नाही. एका मोठ्या उडीनंतर हे सुरू झालं. ओळखीच्या बाइक मेकॅनिकने ऐकून ‘इंजिनाचं बेअरिंग गेलंय’ असं सांगितलं. तर इंजिन उघडावं, की सरळ नवीनच मागवावं?

दोन्ही नको, निदान आत्ता तरी. तुमच्या वर्णनातच इंजिन जवळजवळ निर्दोष सुटलंय. इंजिनाचं बेअरिंग गेलं असतं तर ते आयडललाही बोललं असतं आणि विटांवरही, कारण क्रँकशाफ्ट दोन्ही वेळा फिरतच असतो. तुमचा आवाज फक्त चाकांवर भार पडला की येतो. म्हणजे गडबड क्लचच्या पुढे, चाकांच्या बाजूला कुठेतरी आहे. माझा पहिला संशय मागच्या डिफवर (डिफरेन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) आणि दुसरा स्लिपरवर (जास्त जोर आला की घसरून धक्का जिरवणारा क्लच). का, ते पुढे येईलच.

मेकॅनिकला फार दोष देऊ नका. या ट्रकची चासी म्हणजे ॲल्युमिनियमची सलग प्लेट. मागच्या डिफमध्ये दाता घसरला तरी तो आवाज प्लेटमधून सगळीकडे पोचतो, आणि कान तो नेऊन बसवतो सगळ्यात जास्त गोंगाट असलेल्या जागी, म्हणजे इंजिनात. म्हणून ‘आवाज कुठून येतोय’ हा प्रश्न मी शेवटी विचारतो. ‘आवाज कसा आहे’ यावरही मी फारसा विसंबत नाही. एकाचा खर्र तो दुसऱ्याचा घर्र. मी आधी दोनच गोष्टी विचारतो. आवाज कशाच्या वेगाबरोबर चालतो, इंजिनाच्या, क्लच बेलच्या (क्लचवरच्या दातेरी भांड्याच्या) की चाकांच्या? आणि भार असताना येतो की नसताना?

हे वेग एकमेकांपासून किती लांब आहेत ते बघा. इंजिन ३०,००० आरपीएमवर आहे असं धरू. क्लच बेलला २० दाते आणि तिच्यात गुंतलेल्या मोठ्या स्पर गिअरला ६६ असतील, तर स्पर साधारण ९,००० ने फिरतो. पुढे गिअरबॉक्स आणि डिफमधून कमी होत होत चाकापर्यंत जेमतेम २,००० उरतात. त्यामुळे इंजिनाशी बांधलेला आवाज हा एक सलग सूर असतो आणि थ्रॉटलबरोबर लगेच चढतो-उतरतो. चाकाशी बांधलेला आवाज ट्रकच्या वेगाबरोबर रेंगाळत बदलतो आणि हळू चालवताना चक्क मोजता येतो. थ्रॉटल एकदम सोडा आणि ट्रक घरंगळू द्या. इंजिन आयडलला आलं तरी आवाज चालूच राहिला, तर इंजिनाकडे बघायचं कारणच नाही.

आता कामाला लागू. बॉडी काढा, टाकीतलं इंधन उपसून घ्या, रेडिओ आणि रिसिव्हर बंद करा. ट्रक अजून धुऊ नका. ही महत्त्वाची गोष्ट आहे, कारण उडालेल्या तेलात जमलेला चुरा हाच तुमचा मोठा पुरावा. एक पांढरा टिश्यू घ्या आणि स्परखालची जागा, दोन्ही डिफच्या सांध्याच्या कडा आणि गिअरबॉक्सची खालची बाजू वेगवेगळी पुसून बघा. स्परखाली काळा प्लास्टिकचा चुरा मिळाला तर स्परचे दाते झिजताहेत. डिफच्या फटीतून करडी, चमचमणारी ग्रीस आली तर आतली लोखंडी चाकं एकमेकांना खाताहेत. बॅटरीवरचा टॉर्च तिरका धरून चमकणाऱ्या जागाही शोधा. फ्लायव्हीलच्या (क्रँकशाफ्टवरच्या जड चाकाच्या) कडेला किंवा चासीच्या खाचेत ताजी चमक दिसली तर तिथे धातू घासतोय. मोठ्या उडीनंतर इंजिन माउंटचे स्क्रू ढिले होऊन इंजिन एखादा मिलिमीटर सरकलेलं असणं अजिबात नवल नाही.

म्हणून पहिली हाताची तपासणी स्पर आणि क्लच बेलच्या मेशची, म्हणजे दाते एकमेकांत कसे गुंततात त्याची. स्पर अंगठ्याने मागेपुढे हलवा, क्लच बेल दुसऱ्या हाताने धरून ठेवा. केसाएवढा प्ले (मोकळीक) हवा. शून्य नको आणि ‘टक’ असा ऐकू येईल इतकाही नको. हे एकाच जागी बघून भागत नाही. स्पर थोडा थोडा फिरवत चार-पाच ठिकाणी बघा, कारण प्लास्टिकचा स्पर क्वचितच तंतोतंत गोल असतो आणि उडीत वाकलेला असेल तर एका बाजूला घट्ट आणि समोरच्या बाजूला सैल लागतो. मेश पुन्हा बसवायचा झाला तर वहीच्या कागदाची पट्टी दात्यांमध्ये घालून इंजिन स्परवर दाबा, माउंटचे स्क्रू आवळा, मग स्पर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दात्यांचे ठसे स्वच्छ उठले पाहिजेत, पण कागद फाटता कामा नये. ते स्क्रू परत बसवताना थिनरने तेल पुसून निळं थ्रेड लॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावा. धातूत धातू जातो तिथेच थ्रेड लॉक. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला कधीच नाही, प्लास्टिक तडकतं.

मेश ठीक असेल तर ट्रक ढकलायचा. मागच्या एका टायरवर खडूने खूण करा आणि शांत खोलीत, गुळगुळीत फरशीवर ट्रक अगदी हळू सरळ ढकला. टायर १५ सेंटिमीटर व्यासाचा असेल तर एका फेऱ्यात ट्रक साधारण ४७ सेंटिमीटर जातो. खूण वर येईपर्यंत किती टक ऐकू आले ते मोजा. एका फेऱ्यात एकच टक, म्हणजे दोष चाक, हेक्स (चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा), ॲक्सल किंवा डिफच्या मोठ्या चाकातला एखादा दाता यांपैकी कुठेतरी. तीन-चार टक, म्हणजे डिफचं छोटं पिनियन (मोठ्या चाकाला फिरवणारं दातेरी चाक) किंवा मधला ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सकडून डिफकडे जाणारा दांडा), कारण पिनियन मोठ्या चाकाच्या सुमारे तीनपट फिरतं. तुमच्या ट्रकचे दाते मोजून हा आकडा पक्का करून घ्या. त्याहून जास्त टक आले तर गिअरबॉक्स आणि स्परकडे वळायचं.

ढकलताना एक गंमत लक्षात ठेवा. टू-स्पीड गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला बहुधा वन-वे (एकाच दिशेने पकडणारं) बेअरिंग असतं. त्यामुळे ट्रक पुढे ढकलला की स्पर बऱ्याचदा जागेवरच राहतो, आणि मागे ओढला की स्पर आणि क्लच बेलही फिरू लागतात. तुमच्या ट्रकमध्ये नेमकं काय होतं ते स्परकडे बघून ठरवा. मग दोन्ही दिशांना ऐका. पुढे-मागे दोन्हीकडे सारखाच आवाज असेल तर तो डिफ, ॲक्सल आणि चाकांचा. फक्त मागे ओढताना येत असेल तर गिअरबॉक्स, स्पर आणि क्लच बेलच्या बाजूचा. एक स्क्रू न उघडता ट्रकचे दोन तुकडे करून तपासल्यासारखं हे आहे.

आता डिफ. चारही चाकं वर राहतील असा ट्रक ठेवा. मागचं एक चाक हाताने फिरवा आणि मधला ड्राइव्हशाफ्ट बोटांनी घट्ट धरून ठेवा. त्याच्या जोडीचं, दुसऱ्या बाजूचं चाक उलट फिरेल. या वेळी डिफचं मोठं चाक स्थिर आहे आणि आतली छोटी स्पायडर गिअर तेवढी फिरताहेत. इथे खरखर लागली तर दोष स्पायडर गिअरमध्ये. इथे सगळं मऊ लागलं, पण दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरवताना खाच लागली, तर दोष मोठ्या चाकात किंवा पिनियनमध्ये. पुढच्या डिफलाही हेच करा, मग दोन्हींचा हाताला लागणारा फरक कळतो. चांगलं काय ते ठाऊक असल्याशिवाय वाईट ओळखू येत नाही, आणि सुदैवाने एकाच ट्रकमध्ये जवळजवळ सारखे दोन डिफ असतात.

पण नुसत्या फिरवण्यात सगळं कळेलच असं नाही. पिनियन मोठ्या चाकापासून थोडं लांब सरकलं असेल तर हाताने फिरवताना ते गुमान चालतं आणि जोर पडला तरच दाते एकमेकांवरून उड्या मारतात. तुमच्या वर्णनाशी सगळ्यात जास्त जुळणारी गोष्ट हीच. त्यासाठी भार द्यावा लागतो, आणि तोही इंजिन न चालवता देता येतो. स्लिपरचं नट आत्ता आहे त्या जागी मार्करने खूण करा आणि पूर्ण आवळा. किती फेरे आवळलं ते लिहून ठेवा. कुणालातरी मागची दोन्ही चाकं दोन्ही हातांनी पक्की धरायला सांगा, पुढची चाकं हवेत. आता तुम्ही स्पर पुढच्या दिशेने अंगठ्याने जोर लावून फिरवा. पुढची चाकं मोकळी असली तरी पुढचा आणि मागचा शाफ्ट गिअरबॉक्समध्ये एकमेकांना जोडलेले आहेत, म्हणून सगळा जोर मागच्या डिफवर येतो. हाताखाली ‘कट’ असा एक दाता घसरल्याचा झटका लागला की निदान झालं. मग मागची चाकं मोकळी सोडून पुढची धरा आणि तेच करा. झालं की नट परत खुणेवर आणा.

हे जमत नसेल तर याहून सोपा उपाय: पुढचा मधला ड्राइव्हशाफ्ट काढून ठेवा आणि फक्त मागच्या चाकांवर, अर्ध्या थ्रॉटलवर, मातीत थोडा चालवून बघा. मग उलट. ज्या बाजूचा शाफ्ट काढल्यावर आवाज गेला ती बाजू दोषी. ज्या गाड्यांमध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये तिसरा, सेंटर डिफ असतो तिथे मात्र हे करू नका. एका बाजूचा शाफ्ट काढला की सगळी ताकद त्या मोकळ्या टोकातून निघून जाते आणि गाडी हलतच नाही.

स्लिपरचं मी दुसरं नाव का घेतलं? कारण उभ्या ट्रकला एकदम थ्रॉटल दिल्यावर पहिले एक-दोन फूट स्लिपर घसरतो, घसरायलाच हवा, आणि त्याचा स्वतःचा आवाज असतो. पहिल्यांदाच नायट्रो ट्रक घेणाऱ्याला तो बिघाड वाटतो. पण तो आवाज एकसंध असतो, वर चढत जाणारा, आणि ट्रक झटके न देता सुटतो. डिफचा आवाज तुटक असतो आणि ट्रक हिसके मारतो. तुम्ही ‘अधूनमधून झटका’ असं लिहिलंय, म्हणून माझं पारडं डिफकडे झुकतं. खात्री करायची असेल तर स्लिपरचं नट खुणेवरून अर्धा फेरा आवळून एकदाच हलका थ्रॉटल देऊन बघा. आवाज कमी झाला तर स्लिपर. वाढला तर डिफ, कारण आता जास्त जोर तिथे पोचतोय. लगेच नट परत खुणेवर आणा.

‘स्लिपर आवळ, आवाज जाईल’ हा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. सेकंड हँड ट्रक घेतला की नट आधीच शेवटपर्यंत आवळलेलं सापडतं ते याच सल्ल्यामुळे. आणि डिफचे दाते जातात तेही त्यामुळेच. हवेत असताना थ्रॉटल उघडा राहिला की चाकं प्रचंड वेगाने फिरतात आणि जमिनीला टेकताक्षणी एकदम रोखली जातात. तो सगळा धक्का ड्राइव्हलाइनमधून उलटा येतो. मध्ये स्लिपर घसरला तर धक्का तिथेच जिरतो. घसरला नाही तर सगळ्यात कमजोर दाता तुटतो. म्हणून नुसतं डिफ दुरुस्त करून काम संपत नाही. स्लिपर पुस्तिकेत दिल्याप्रमाणे पुन्हा लावा, आणि उतरण्याआधी थ्रॉटलवरून बोट उचलायची सवय लावा.

डिफ उघडल्यावर काय बघायचं? आधी सगळी ग्रीस पुसून मोठ्या चाकाचे दाते एकेक करून बघा. एखाद-दुसऱ्या दात्याची कड उडाली असेल तर कारण ती उडी. सगळेच दाते टोकाला सारखे गोल झाले असतील तर मेश सैल आहे आणि ते बऱ्याच दिवसांचं दुखणं आहे. दुसऱ्या प्रकारात नवीन गिअर घालून भागत नाही. पिनियनमागचं बेअरिंग आणि ते ज्या प्लास्टिकच्या घरात बसतं ते घर बघा. बेअरिंग घरात बोटाने हलत असेल तर घर बदलायला हवं, नाहीतर नवे दातेही त्याच वाटेने जातील. मोठं चाक आणि पिनियन नेहमी जोडीनेच बदला. बसवल्यावर मोठ्या चाकाला आडवा प्ले असेल तर त्याच्या मागे पातळ शिम (धातूची चकती) घाला, एका वेळी एकच. शिम घातल्यावर हाताने फिरवताना कुठेही अडखळायला नको. अडखळलं तर शिम जास्त झाली.

तुमचा ट्रक इथे सुटला, पण अशाच तक्रारी घेऊन आलेल्या इतरांसाठी उलट प्रकारचा आवाजही सांगतो, कारण तोच सर्वांत जास्त फसवतो. आयडलला किर्रकिर्र, आणि थ्रॉटल दिला की गायब. लोकांना वाटतं इंजिन आहे, गरम झाल्यावर मोकळं होत असेल. खरं कारण वेगळं. आयडलला ट्रक उभा असतो तेव्हा क्रँकशाफ्ट फिरत असतो आणि क्लच बेल स्थिर. या दोघांमध्ये बसलेली छोटी बेअरिंग त्या वेळी पूर्ण वेगाने फिरताहेत. क्लच पूर्ण धरला की क्रँक आणि बेल एकत्र फिरतात आणि त्या बेअरिंगला कामच राहत नाही. म्हणून क्लच बेलची मेलेली बेअरिंग आयडलला ओरडतात आणि फुल थ्रॉटलला गप्प होतात. ती बसतात अगदी तापलेल्या क्लचपाशी, त्यामुळे आतली ग्रीस जळून जाते. नायट्रो ट्रकमध्ये वारंवार मरणारा भाग हा, आणि स्वस्तही. बेल काढून बोटावर फिरवा. वाळू घातल्यासारखं वाटलं तर बदला. परत बसवताना बेलला अक्षाच्या दिशेने ०.१ ते ०.२ मिलिमीटर प्ले ठेवायला शिम वापरा. प्ले जास्त राहिला तर बेल फ्लायव्हीलला घासते आणि एका आवाजाच्या जागी दुसरा विकत घेतल्यासारखं होतं.

आयडल आणि थ्रॉटल दोन्हीकडे येणारा, इंजिनाच्या वेगाशी बांधलेला टकटक आवाज असेल तर आधी सायलेन्सरचा सांधा बघा. मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीचं) गॅस्केट किंवा सिलिकॉनची जोडनळी फाटली की निसटणारा धूर अगदी धातूवर धातू आपटल्यासारखा वाजतो. त्या जागी तेलाचा ओला काळा डाग असतो, तो चुकत नाही. हेडचे (इंजिनाच्या वरच्या झाकणाचे) स्क्रू ढिले असतील तर चिर्र असा आवाज येतो. हे दोन्ही नीट बघून झाल्यावरच इंजिनाकडे यायचं.

इंजिनाची तपासणी मी अशी करतो. ग्लो प्लग (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग) काढा आणि त्याची तार भिंगाखाली बघा. तार वाकडी, करडी, आणि तिच्यावर धातूचे बारीक कण चिकटलेले दिसले तर आत काहीतरी तुटतंय किंवा मिश्रण फार लीन (हवा जास्त, इंधन कमी) आहे. मग पिस्टन वरच्या टोकाला आणा. इथे तो घट्ट अडकतो. नव्या थंड इंजिनात हाताने फिरवताना किंचित चीं आवाजही येतो. तो पिस्टन आणि स्लीव्हचा (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीचा) मुद्दाम ठेवलेला घट्टपणा आहे, बिघाड नव्हे. पिस्टन वर अडकलेला असताना फ्लायव्हील अगदी हलकेच मागेपुढे डोलवा. पिस्टन न हलता बोटाला ‘टिक’ लागला, तर कनेक्टिंग रॉडचा खालचा बुश झिजला आहे. मागची प्लेट उघडल्यावर सोनेरी चुरा दिसला तर त्यावर शिक्कामोर्तब. बेअरिंगसाठी क्लच बेल आणि क्लच काढून, ग्लो प्लग बाहेर ठेवून, क्रँकचं टोक वर-खाली हलवून बघा आणि मग सावकाश फिरवा. प्ले किंवा खरखर लागली तर ते इंजिन एकदाही सुरू करायचं नाही. ‘बघू तरी’ म्हणून अर्धी टाकी चालवणारे इथेच मार खातात. मागच्या बेअरिंगचा पिंजरा फुटला की त्याचे तुकडे वर जाऊन पिस्टन आणि स्लीव्ह ओरबाडतात, आणि मग थोडक्यात भागणारं काम अख्ख्या इंजिनावर जातं.

आपल्याकडे बेअरिंग जातात ती बहुतेक वेळा धावण्याने नाही, कपाटात. नायट्रोच्या इंधनात मिथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. जळलेल्या नायट्रोमिथेनचे आम्लयुक्त अवशेषही आत राहतात. जूनमध्ये ट्रक तसाच ठेवून दिला आणि दसऱ्याला काढला, तर मुंबई-कोकणाच्या हवेत मागचं बेअरिंग गंजलेलं सापडतं. टाकी रिकामी करा, नळीत उरलेलं इंधन इंजिन चालवूनच संपवा, कार्ब्युरेटरमधून आणि प्लगच्या भोकातून आफ्टर-रन ऑइलचे (चालवून झाल्यावर घालायच्या, गंज रोखणाऱ्या तेलाचे) थेंब सोडा, आणि दोरी चार-पाचदा ओढा. एवढं केलं तरी पुरतं.

लीन मिश्रणाचा तडतडाट मात्र यांत्रिक आवाज समजला जातो आणि लोक नको ते उघडत बसतात. हेडवर पाण्याचा थेंब टाका. तो तीन-चार सेकंदांत उडाला तर ठीक. टेकताक्षणी चर्र करून उडाला तर इंजिन फार तापलंय, हाय-स्पीड नीडल (कार्ब्युरेटरवरचा, इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) थोडी उघडा. थर्मामीटर असेल तर बहुतेक इंजिनांसाठी हेडवर १०० ते १३० अंश सेल्सिअस ही ठीक पट्टी.

उरलेले आवाज पटकन सांगून टाकतो. फक्त पूर्ण वळवल्यावर कटकट: पुढच्या ॲक्सलचे सांधे किंवा त्यांची पिन. फक्त जोरात निघताना एकच ‘टक’: चाकाचं हेक्स आतून गोल झालंय किंवा शाफ्टचा ग्रब (बिनडोक्याचा छोटा) स्क्रू ढिला आहे. दुसरा गिअर पडताना ठक्क: थोडा चालतो, प्रत्येक वेळी ट्रक हिसकला तर शिफ्टचा बिंदू पुढे ढकला. ट्रॅक्सस कंपनीचा टी-मॅक्स हा नायट्रो ट्रक १९९९ मध्ये रिव्हर्स गिअरसह आला. तशा गाडीत पुढे-मागे करणारा शिफ्ट फोर्क अर्धवट गुंतला की गिअरबॉक्सच फोडल्यासारखी खरखर येते, आणि ती बऱ्याचदा सर्व्होची (रिमोटच्या इशाऱ्यावर हलणाऱ्या छोट्या मोटरची) लिंक थोडी फिरवून जाते. ट्रक उभा असताना गूं करत राहणारा आवाज स्टीअरिंग सर्व्होचा.

सुट्या भागांचं म्हणाल तर गिअर बहुधा परदेशातून मागवावे लागतील, पण बेअरिंगसाठी थांबू नका. ती मापाने मिळतात. ५×१०×४ म्हणजे एमआर १०५, ५×११×४ म्हणजे एमआर ११५, १०×१५×४ म्हणजे ६७००. जुनं बेअरिंग व्हर्नियरने मोजा आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्यात बोहरी आळी गाठा. ‘खेळण्यातल्या गाडीला हवंय’ असं सांगू नका, माप सांगा. क्लच बेलसाठी मी धातूची झाकणं असलेलं, झेडझेड लिहिलेलं बेअरिंग घेतो, कारण तिथली उष्णता रबराला सोसत नाही. चाकांना आणि डिफला रबरी सीलचं, टूआरएस.

इंजिन चालवून काही तपासायचं झालं तर उघड्यावरच; बंद खोलीतला धूर विषारी आहे आणि मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही. विटांवर ठेवून फुल थ्रॉटल देऊ नका, टायर फुग्यासारखे फुगतात आणि इंजिनाला आवर घालणारं काही उरत नाही. इंजिन हाताबाहेर गेलं तर इंधनाची नळी चिमटून धरा, आणि तेवढ्यासाठी ती हाताशी येईल अशी आधीच लावून ठेवा.

डिफ उघडून दाते धडधाकट निघाले, तर मला तीन छोटी रेकॉर्डिंग पाठवा: दहा सेकंद आयडल, दहा सेकंद हळू चालताना थ्रॉटल सोडून घरंगळत, आणि एक उभ्या स्थितीतून निघतानाचं, फोन जमिनीलगत ठेवून स्लो मोशनमध्ये. तिसऱ्यात कॅमेरा मागच्या चाकावर नको, स्परवर हवा. सोबत स्पर आणि क्लच बेलचे दाते मोजून कळवा.